चर्नी रोडनंतर कोणतं स्टेशन?

ताई, नमस्कार.

पत्रात नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘कन्नमवार नगर, विक्रोळी’ एवढंच लिहिलंत आणि ओघात तुमच्या सातवीच्या वर्गाचा उल्लेख केलात, म्हणून शिक्षिका असाल असं धरून चालतो. ‘कौन बनेगा करोडपती’वरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलंच खडसावलंत. बाकीच्या वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. 25 लाखांवर खेळ सोडणाऱ्या स्पर्धकाला मी ‘पळपुटा’ म्हटलं, ते तुम्हाला लागलं. सोप्या प्रश्नावर लाइफलाइन खर्च करणाऱ्या बाईंची मी टिंगल केली, ती खटकली. आणि ‘जेपर्डी’ या अमेरिकी प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमाचे मी गायलेले गोडवे तर फारच झोंबले. “साहेबाच्या देशातले प्रश्न आमच्या माणसांच्या डोक्यावर मारू नका. आणि दादा, एकदा त्या खुर्चीत बसून बघा,” असं तुम्ही लिहिलंत.

त्या खुर्चीत नाही बसलो, पण प्लास्टिकच्या स्टुलावर बसलोय. बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा होती. बक्षीस, स्टीलचा थर्मास. मला प्रश्न आला, “चर्चगेटहून निघालं की चर्नी रोडनंतर कोणतं स्टेशन येतं?” आता माझं लहानपण गिरगावातलं. चर्नी रोडचा पूल म्हणजे आमचं अंगण. एक सेकंदही न घालवता मी म्हणालो, “मरीन लाइन्स!” मांडवात हशा पिकला. उत्तर होतं ग्रँट रोड. पहिल्या रांगेतलं एक कार्टं ओरडलं, “काका, उलट्या गाडीत बसलात!”

त्या वेळी माझं ऑफिस मरीन लाइन्सला होतं. रोज सकाळी मुंबई सेंट्रलला फास्ट सोडून स्लो पकडायची, ग्रँट रोड गेलं, चर्नी रोड आलं की दाराकडे सरकायचं, कारण पुढचं आपलं. 15 वर्षं पायांना जे पाठ होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं. ‘चर्चगेटहून निघालं की’ हे शब्द कानावर पडले होते, आत शिरले नव्हते. थर्मास दुसऱ्या मजल्यावरच्या काकू घेऊन गेल्या आणि पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये मला चहा विचारत राहिल्या.

एवढं होऊनही मी लाइफलाइन खर्च करणाऱ्या त्या बाईंना हसलो. तेव्हा हा मुद्दा सरळसरळ तुमचा. लेखातलं ते वाक्य काढलंय, आणि काढलंय असं तिथंच लिहूनही ठेवलंय.

‘पळपुट्या’चं गणित तर मी मांडलंच नव्हतं, ते तुम्ही मांडलंत. हातात 25 लाख, समोर 50 लाखांचा प्रश्न. चुकलात तर तेव्हाच्या नियमानं थेट 3,20,000च्या पडावावर. समजा, चारांतले दोन पर्याय नक्की चूक आहेत हे माहीत आहे आणि उरलेल्या दोघांत नाणं उडवायचंय. सरासरी निघते 26,60,000. म्हणजे कागदावर खेळणंच किंचित फायद्याचं. हाच कागद नाचवत मी शहाणपण शिकवत होतो. पण सरासरी हजार वेळा खेळणाऱ्याच्या हाती लागते. एकदाच खेळणाऱ्याला एक तर 50 लाख मिळतात, नाही तर 3,20,000. शिवाय जे मिळेल त्यातले 30 टक्के करात जातात. आणि पहिले 25 लाख नि पुढचे 25 लाख यांची घरातली किंमतही एक नसते. पहिल्यांत कर्ज फिटतं, दुसऱ्यांत गाडी येते. कर्ज फेडून तो माणूस उठला, त्याला मी पळपुटा म्हटलं. शब्द मागे घेतो.

‘जेपर्डी’वरून मात्र मी हटणार नाही.

त्या कार्यक्रमाची जन्मकथा गमतीची आहे. 1950च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात होती. ते उघड झालं आणि लोकांचा असल्या कार्यक्रमांवरचा विश्वासच उडाला. टीव्ही कार्यक्रम बनवणारा मर्व्ह ग्रिफिन नवीन काहीतरी शोधत होता. त्याची बायको ज्युलॅन म्हणाली, मग उत्तरंच देऊन टाका की, प्रश्न त्यांना विचारू दे. ती म्हणाली, “5,280.” तो म्हणाला, “एका मैलात फूट किती?” झालं. 1964 साली कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर एक विधान येतं, तोच क्लू. स्पर्धकानं त्याचं उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचं. अर्ध्या तासात 61 क्लू, चुकलं की पैसे वजा. क्लू वाचून होण्याआधी बटण दाबलं तर क्षणभर ते बंद पडतं, म्हणजे शेवटपर्यंत ऐकणं भागच. (मी त्या मांडवात असं बटण मागायला हवं होतं.)

हे तुम्हाला साहेबी वाटलं. मला आजी आठवली. ‘कोकणातनं आला भट, धर की आपट.’ ओळखा पाहू? नारळ. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.’ चांदण्या आणि चंद्र. प्रश्नचिन्ह नाही, चार पर्याय नाहीत, नुसतं एक विधान. पहिल्या कोड्यात किती खुबी आहे बघा. भटाला शेंडी असते, नारळालाही असते, पण शेंडी हा शब्द कोड्यात कुठंच नाही. तो ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचा आणायचा. कोकण म्हटल्यावर कुणी थेट नारळाशी पोहोचेल, कुणी ‘आपट’वरून पोहोचेल. आत शिरायला दारं बरीच आहेत, आणि एकाही दारावर कोणी मार्कशीट मागत नाही. आजी चौथीपर्यंत शिकलेली. अमेरिकेचं नाव तिनं दुधाच्या पावडरीच्या डब्यावर काय ते वाचलेलं.

आता याउलट मला ज्याचा राग आहे तो प्रश्न. ‘अमुक करार कोणत्या साली झाला?’ आणि खाली चार सालं, एकमेकांना खेटून. हा प्रश्न कुणाला सुटतो? ज्यानं गाइड घोकलंय त्याला. डोकं चालवून तिथं पोहोचायची वाटच नाही, एक तर ठाऊक आहे किंवा नाणं उडवा. त्याऐवजी असं विचारलं तर? ‘1668 मध्ये हे ठिकाण ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्यानं मिळालं. त्याआधी ते एका पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण गेलं होतं.’ इथं साल पाठ असायची गरजच नाही. आंदण म्हणताच निम्म्या मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे आपली बेटं येतील. उरलेले 10 पौंडांत आज किती चौरस इंच मिळतील याचा हिशेब करता करता पोहोचतील. तुम्ही मला अभिजन म्हणालात, पण ताई, सालांचा प्रश्न क्लास लावू शकणाऱ्याच्या बाजूचा असतो. क्लू मात्र आजीच्या बाजूचा.

लेखात मी ‘आपल्याकडे असे प्रश्न येतच नाहीत’ असंही ठोकून दिलं होतं. ते वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं, पण तेही चूकच. 2000 साली पहिला करोडपती झाला तो मुंबईचाच, हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा मुलगा. त्याचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा यांतल्या कुणाला आहे? उत्तर, अ‍ॅटर्नी जनरल. आमच्या चाळीत तेव्हा रात्री नऊला टीव्हीपुढे दहा-बारा माणसं असायची. शेजारच्या काकू, सातवी शिकलेल्या, मांडीवर सुपात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे यजमान हायकोर्टात पट्टेवाले. काकू म्हणाल्या, “सरकारचा वकील सोडून सरकारच्या घरात कोण बोलणार? जज्ज थोडाच बोलायला जाईल तिकडे!” घटनेचं कलम त्यांना माहीत नव्हतं. मात्र वकिलाचं काम काय आणि जज्जाचं काय, हे जेवणाच्या डब्याबरोबर रोज घरी येत होतं. अशा प्रश्नाला मी दहापैकी दहा देतो. 2011 मध्ये सुशील कुमारला 5 कोटींना विचारलेला प्रश्नही असाच, की 1868 मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणती सत्ता भारतातून गेली. डेन्मार्क. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीचा डॅनिश किल्ला पाहिलेल्या माणसाला इथं निदान पाय ठेवायला जागा आहे.

आणि ‘जेपर्डी’तले वाघ कसे पडतात तेही ऐका, तुम्हाला बरं वाटेल. केन जेनिंग्ज 2004 मध्ये ओळीनं 74 डाव जिंकला. पडला तो या अर्थाच्या क्लूवर: या फर्मच्या 70,000 हंगामी पांढरपेशा कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातले चारच महिने काम करतात. त्यानं लिहिलं, फेडेक्स. हंगामी म्हटल्यावर त्याच्या डोक्यात नाताळची पार्सलं आली असावीत. पण पार्सलं उचलणारा कधी पांढरपेशा असतो का? उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देणारी कंपनी. आपल्याकडे जुलै संपत आला की सीएच्या ऑफिसात रात्री अकरालाही दिवे जळत असतात. तिथं चहा पोहोचवणाऱ्या पोरानं बहुधा सांगितलं असतं. सगळं जग पाठ असलेला गडी दोन शब्दांवरून घसरला. गाडी उलटीच होती, फक्त थर्मास जरा महागातला.

बबिता ताडेंबद्दल तुम्ही विचारलंत. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत महिना 1,500 रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या बाई 2019 मध्ये करोडपती झाल्या, तर त्यांची कहाणी मला वेळकाढू वाटली का? नाही वाटली. माझी तक्रार कहाणी दाखवण्याच्या पद्धतीबद्दल होती, आणि ती मी नीट लिहिली नाही. चूल, पातेलं, मागे व्हायोलिन, प्रेक्षकांत रुमाल. पण त्या बाई 15 प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन तिथं पोहोचल्या होत्या. कुठला पर्याय आधी खोडला, कुठे अडल्या, काय आठवलं, यावर दुसऱ्या दिवशी कुणी बोललं का? आमच्या ऑफिसात तरी सगळे पगाराबद्दलच बोलत होते. व्हायोलिनची दोन मिनिटं कापून मला त्यांचं डोकं चालताना बघायचं होतं.

खुर्चीत बसायचं आमंत्रण मी तुम्हालाच परत करतो. गोरेगावची फिल्मसिटी तुम्हाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं फार लांब नाही. तोवर तुमच्या सातवीच्या वर्गासाठी हा एक क्लू. पर्याय नाहीत, आणि गुगल बघणाऱ्याला बाकावर उभं करा: देशानं पहिल्यांदा मतदान केलं तेव्हाच्या लाखो पोलादी मतपेट्या या उपनगरात बनल्या, आणि बनवणाऱ्यांचं कपाट तुमच्या आईच्या खोलीत अजून उभं असेल.