सोनकीत लोळू नका रे!

दरवर्षी तेच. पाऊस ओसरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात रतनगड सोनकीच्या रानफुलांनी पिवळाधमक झाला की ग्रुपमधली पोरं मागे लागतात, दादा ने ना, आणि मी पण हौसेने नेतो कारण नव्या पोरांनी सह्याद्री बघावा असं मनापासून वाटतं. पण वर पोचलं रे पोचलं की सगळे पायवाट सोडून थेट फुलांत! कोण झोपून फोटो काढतंय, कोण रीलसाठी त्याच पट्ट्यातनं परत परत पळतंय, कोणी फुलं तोडून केसात खोचतंय. अरे सोनकी एका हंगामाचंच झाड आहे, फूल सुकून बी खाली पडलं तरच पुढच्या पावसात तिथे परत उगवणार, आत्ता फुलावर असताना तुडवली तर बी धरणार कुठून? हे पायथ्याच्या रतनवाडीतनं निघतानाच सांगतो, सगळे माना डोलावतात आणि शिड्या चढून वर गेलं की विसरतात.

त्यात तो ब्लूटूथ स्पीकर! कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, परफ्यूम, आरडाओरडा काही नको हे किती वेळा बोलायचं? माश्या उठल्या तर त्या शिडीवरनं पळणार कुठे? आणि बोललं की "दादा चिल". चिल काय चिल! नेढ्यात, म्हणजे वरच्या कातळातल्या त्या आरपार भोकात, बसा ना, वारा खा, खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतंय ते बघा, फोटो पायवाटेवरनं पण मस्त येतात. पुढच्या वेळी स्पीकर गाडीतच ठेवायचा, नाहीतर घरी बसा.