बोरलॉगांचे 106 एकर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हरितक्रांतीचे गहूशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी घराण्यावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे. 106 एकरांच्या मालकाला मी ‘साधा शेतकरी’ म्हटलं, ही चार एकर कोरडवाहूवाल्यांची थट्टा आहे. ती जमीन आधी कोणाची होती यावर लेखात अवाक्षर नाही. सरकारने 160 एकर फुकट दिले आणि हे लोक मालक झाले. पणजोबा डिबेविग आणि आजोबा बोरलॉग, म्हणजे माझी वंशावळच चुकली आहे. आजोबांच्या गोष्टी सांगून मी नातवाला हरितक्रांतीच्या पापातून सोडवलं. आणि शेवटचं तुमचं वाक्य : ‘आमच्या वडिलांनी बैलजोडी विकली तेव्हा कोणी त्यांची कुळकथा लिहिली नाही.’

जमिनीबद्दल तुम्ही बरोबर आहात. फक्त फुकटच्या 160 एकरांची गोष्ट इथे लागू होत नाही. फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा 1862 चा, आणि आयोवातली बहुतेक सरकारी जमीन त्याआधीच विकली गेली होती. एकरी सव्वा डॉलर हा सरकारी दर होता. पण तुमचा मूळ प्रश्न दराचा नाहीच. विकायला ती सरकारकडे आली कुठून, हा आहे. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी नकाशे आणि करारांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि जे दिसलं ते मूळ लेखात असायलाच हवं होतं.

नॉर्मनचे पणजोबा-पणजी, ओले डिबेविग आणि सोल्वेग हे जोडपं 1854 मध्ये नॉर्वेच्या सोग्न भागातल्या फेओस गावाहून निघालं आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या डेन काउंटीत (जिल्ह्यात) आलं. हा हो-चंक या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख. 1832 च्या करारात सरकारने तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि बदल्यात मिसिसिपीपलीकडचा, ईशान्य आयोवातला एक पट्टा दिला. त्यांना तिथेच थोपवून धरायला 1840 मध्ये फोर्ट अ‍ॅटकिन्सन हा किल्ला बांधला. मग 1846 मध्ये नवा करार करून तोही पट्टा काढून घेतला, आणि 1848 मध्ये त्यांना उत्तरेला मिनेसोटात नेलं. तिथून पुढे डाकोटात, मग नेब्रास्कात. पुढे बोरलॉग मंडळी डेन काउंटीतून उठून आयोवातल्या क्रेस्को गावाजवळच्या ज्या नॉर्वेजियन वस्तीत स्थिरावली, ती याच पट्ट्यातली. म्हणजे या कुटुंबाने दोनदा घर मांडलं आणि दोन्ही वेळा त्या जागेवरून उठवले गेले ते एकच लोक होते. शेजारच्या काउंटीचं नाव विनेशीक, तिथल्या प्रसिद्ध नॉर्वेजियन गावाचं नाव डेकोरा. ही दोन्ही नावं हो-चंक सरदारांची. माणसं हलवली, नावं ठेवली. धरणाखाली गेलेल्या गावाचं नाव नव्या वसाहतीच्या पाटीवर वाचलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मी हे वगळलं, ते चुकलं.

आता 106 एकर. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टर होती, म्हणजे साडेतीन एकरसुद्धा नाही. तेव्हा 106 हा आकडा डोळ्यांत खुपणं मी समजू शकते. पण त्या काळातली आयोवातली शेती एकरांवर मोजून कळत नाही. ती हातांवर आणि खुरांवर मोजावी लागते. वर्षातून एकच हंगाम. बाकी काळ जमीन गोठलेली, आणि त्या काळातही जनावरांना रोज खायला घालायचं. शेतात मका, ओट आणि चाऱ्याचं टिमोथी गवत. गोठ्यात गाई, शिवाय डुकरं आणि कोंबड्या. यातले ओट आणि गवत कोणासाठी? मोठा वाटा नांगराच्या घोड्यांसाठी. घोडे शेत ओढायचे आणि शेताचा मोठा तुकडा खाऊनही टाकायचे. मका काढायचा तो हाताने : तळहाताला बांधलेल्या लोखंडी आकड्याने पाचोळा फाडायचा, कणीस मोडून गाडीत फेकायचं, की पुढचं ताट. हे थंडी पडायला लागल्यावर, आणि घरातल्याच माणसांनी. नॉर्मन सात वर्षांचा असल्यापासून एकोणीस वर्षांचा होईपर्यंत या शेतावर राबला. तो चार भावंडांत थोरला, एकटाच मुलगा. 1921 मध्ये जन्मलेली धाकटी बहीण हेलन त्याच वर्षी गेली. आई क्लारा हिच्याबद्दल मी मूळ लेखात फक्त नाव लिहिलं होतं. तुम्ही यावर बोट ठेवलं नाहीत, तरी मला ते आता खटकतं आहे.

आणि हा सगळा माल विकून काय मिळायचं? मंदीच्या सर्वांत वाईट दिवसांत, 1932-33 च्या सुमारास, मक्याचा भाव इतका पडला की आयोवातल्या लोकांनी कोळशाऐवजी मकाच चुलीत जाळला. धान्य जाळून हात शेकणाऱ्या माणसाला जमीनदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नावाचं लगेच सांगते. नॉर्वेत तेव्हा आडनाव म्हणजे तुम्ही राहता त्या शेतजागेचं नाव. जागा बदलली की नावही बदलायचं. आपली ‘-कर’ आडनावं गावावरून पडली तसंच, फरक इतकाच की आपली गाव सुटल्यावरही चिकटून राहिली. त्यामुळे डिबेविगच्या घरात बोरलॉग जन्मणं यात चूक काहीच नाही. पण याच शेतजागांमध्ये देश सोडण्याचं कारणही आहे. नॉर्वेची जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीची, आणि तिथल्या वारसा कायद्याने अख्खं शेत थोरल्याला. धाकट्यांनी दुसऱ्याच्या शेतावर खोपट बांधायचं आणि त्या बदल्यात राबायचं. आपल्याकडे सगळ्या भावांत वाटण्या होऊन बांधच जास्त झाले. तिकडे वाटण्या झाल्या नाहीत, माणसंच जास्त झाली. भूक दोन्हीकडे आली.

तुमचा सर्वांत जड आक्षेप हरितक्रांतीचा. मी नातवाला सोडवलं असं तुम्ही म्हणता. मला तसं करायचं नव्हतं. मला हे दाखवायचं होतं की त्या माणसाच्या समजुती कुठून आल्या. आजोबा नेल्स यांनी आग्रह धरला म्हणून मुलगा शिकायला घराबाहेर पडला. आणि पडू शकला, कारण वडिलांनी ट्रॅक्टर घेतला होता. घोडे गेले, त्यांच्या चाऱ्याखालची जमीन मोकळी झाली, आणि घरातले दोन हात मोकळे झाले. 1933 मध्ये तो मिनेसोटा विद्यापीठात गेला, प्रवेशपरीक्षेत नापास झाला, दुसऱ्या वाटेने शिरला. यंत्र, खत, नवं बियाणं आलं की शेतकऱ्याचं पोर सुटतं, हे त्याने वाचलेलं नव्हतं. त्याच्या घरात घडलेलं होतं. तो विश्वास घेऊन तो 1944 मध्ये मेक्सिकोला गेला, गव्हाच्या तांबेरा रोगामागे लागला, आणि 1966 मध्ये भारताने त्याच्या मेक्सिकन गव्हाचं 18,000 टन बियाणं मागवलं.

त्या विश्वासाला एक आंधळी जागा होती, आणि ती तुमच्या-माझ्या मुलखात आहे. आयोवात पाऊस पुरतो, काळी माती खोल आहे. पंजाबात कालवे होते. जिथे यातलं काहीच भरवशाचं नाही, त्या ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू पट्ट्याला त्या क्रांतीतून फार थोडं मिळालं. गव्हाने कोठारं भरायला लागली होती, तरी 1972 च्या दुष्काळात माझ्या आजोळी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाव्या लागल्या. आई अजूनही तो रंग विसरलेली नाही. पंजाबच्या उपसलेल्या पाण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेही मला मान्य आहे. पण भुकेला माणूस डोळ्यांसमोर असताना आधी धान्य वाढवू, असं म्हणणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. यावर आपलं एकमत होणार नाही, असं दिसतं.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे बोरलॉगांच्या वीस वर्षं आधी मेक्सिकोत पोचले आणि तिथे मका-गव्हावर काम केलं, याची आठवण तुम्ही करून दिलीत. त्यांच्यावर लिहिणार आहेच, पण कोणाला लहान करण्यासाठी नाही.

मूळ लेखात मी आज हो-चंक लोकांबद्दलचे दोन परिच्छेद घातले आहेत आणि ‘ओसाड कुरणावर घर बांधलं’ हे माझं वाक्य काढून टाकलं आहे. ते ओसाड नव्हतं, ओसाड केलेलं होतं.

राहिली तुमच्या वडिलांची बैलजोडी. ती कोणत्या साली विकली, कोणी घेतली, त्यानंतर नांगरट कोणाच्या ट्रॅक्टरने आणि किती भाड्याने व्हायला लागली, गोठ्याचं काय केलं, आणि त्या वर्षी तुम्ही कितवीत होतात? एवढं लिहून पाठवा. कितीही मोठं झालं तरी चालेल. मी ते इथेच, या लेखाच्या शेजारी, तुमच्या शब्दांत छापेन.