येऊरच्या हरणांचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘ठाणेकरांनो, हरणं बघायला ताडोबाला कशाला जाता?’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ठाण्याला लागूनच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या येऊरच्या जंगलात पौर्णिमेच्या रात्री बाराला मीठ, गूळ, चपात्या मांडून बसा, हरणं जवळ येतात, असं त्यात म्हटलंय. मी तो वाचून सोडूनही दिला असता. पण भाच्याचा फोन आला, “मावशी, तुझा मोठा टॉर्च देशील? पौर्णिमेला आम्ही येऊरला चाललोय.” पोरगं अकरावीत. सोबत मित्र, आणि मेसेजात सांगितल्याप्रमाणे पिशवीत मीठ, गूळ, चपात्या. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक ओळ मेसेजच्या शेवटी आहे: ‘गवतात एकटं पाडस दिसलं तर त्याची आई मेली असं समजा आणि उचलून सुरक्षित ठिकाणी आणा.’ अहो, एकटं असणं हीच त्याची सुरक्षितता आहे! चितळ काय, सांबर काय, मादी सुरुवातीचे दिवस पिल्लाला गवतात-झुडपात दडवून स्वतः लांब चरायला जाते. पिल्लू मान जमिनीला टेकवून, कान पाडून पडून राहतं. माणूस अगदी जवळ आला तरी हलत नाही, आणि आपल्याला वाटतं की बिचारं अशक्त झालंय. आई येते, पाजते, परत जाते. तुम्ही शेजारी रील काढत उभे राहिलात तर ती येणारच नाही. आणि उचललंत तर? ही जनावरं पकडापकडीच्या धसक्यानेच मरतात. भीती आणि धडपड यांनी स्नायू आतून खराब होतात. वर एक ओरखडा दिसत नसतो, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत जनावर जातं. पिल्लू खरंच जखमी असेल, कुत्री मागे लागली असतील, तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

‘आम्ही काय शिकार करतोय का?’ असं ग्रुपवर एकांनी मलाच विचारलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ उघडून बघा. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच प्राण्याला पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणंही येतं. हातात बंदूक असावीच लागते असं नाही. म्हणजे पाडस उचलणंही त्यात आलं आणि हरीण जवळ यावं म्हणून मीठ-गूळ मांडून बसणंही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा आणखी वेगळा गुन्हा.

चपात्यांचं तर बोलायलाच नको. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पीठ आणि गूळ पडला की आम्लता भराभर वाढते, त्यात ते दगावूही शकतं. शिवाय खाण्याची सवय लागली की ते रस्त्याकडेला, कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तोंडी येतं. आणि जिथे चितळ-सांबर, तिथे बिबट्या. अकरावीतल्या पोरांना रात्री बाराला तिथे बसवणाऱ्याने एवढा तरी विचार करायला हवा होता.

पौर्णिमेचं मात्र अगदीच खोटं नाही, हे मान्य. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद करतं. पण ते असतं वैशाखात, पाणी आटलेलं असताना. माणसं परवानगीने, रात्रभर न बोलता बसतात. उजेड चंद्राचा असतो म्हणूनच ती रात्र निवडतात, डोळ्यांत टॉर्च मारायला नाही.

मेसेजातलं ‘पावसाळ्यात सर्वाधिक दिसतात’ हे उलटं आहे. तेव्हा रान इतकं माजतं की दहा हातांवरचं सांबर दिसत नाही. गळालेली शिंगंही ‘शुभ’ म्हणून घरी आणायची नाहीत. ती बाळगणं बेकायदा आहे, आणि साळिंदरं ती कुरतडतात, जंगलाच्या ती कामाची आहेत. ‘कर्जतला काळविटांचे कळप’ हे खरं आहे, पण ते अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत, रेहेकुरीचं अभयारण्य. आपल्या लोकलच्या कर्जतला उतरून काळवीट शोधू नका. त्याला मोकळं माळरान लागतं, कोकणातलं दाट रान नाही.

बघायचंच असेल तर फेब्रुवारी ते मे, उजाडताना किंवा ऊन कलताना. पानगळ झालेली असते, जनावरं पाण्याच्या आसपास असतात. मोहाची फुलं पडायला लागली की त्या झाडाखालची माती बघा, खुरांचे दुहेरी ठसे सापडतील. वानरं वर पाला खात असतील तर खाली पडलेला खायला चितळ आलेलं असू शकतं. कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर ते भेकर, म्हणजे एक छोटं हरीण असेल, त्याने तुम्हाला किंवा बिबट्याला आधीच पाहिलेलं असतं. कुठल्या वाटेने आणि किती वाजता जाता येईल ते येऊर वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात आधी विचारा, आणि वाट दाखवायला पाड्यावरचा माणूस घ्या.