हिरव्या शहराच्या शिल्पकारांस काही नम्र सूचना

शहर शाश्वत करण्याचे पुण्यकार्य आपल्या हाती आले असल्यास सर्वप्रथम नकाशावर एक हिरवा पट्टा ओढावा. तो कोणाच्या छपरावरून जातो हे पाहत बसू नये. छप्पर आड आलेच तर त्यास अतिक्रमण म्हणावे.

पर्यावरण, अर्थकारण आणि सामाजिक न्याय या त्रिकोणाच्या ओढाताणीत नियोजनकार सापडलेला असतो, असे अमेरिकी नियोजन-अभ्यासक स्कॉट कॅम्पबेल यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. हा त्रिकोण सादरीकरणाच्या पहिल्या पानावर अवश्य घालावा. दुसऱ्या पानापासून दोन कोन पुरतात.

दाखला दक्षिण कोरियातील सोल शहराचा द्यावा. उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये तेथे चेओंगग्येचेओन हा ओढा पुन्हा वाहता केला, हे छायाचित्रांसह सांगावे. तेथील फेरीवाल्यांना दोंगदेमुनच्या क्रीडागारात हलवले, पुढे ते क्रीडागारही पाडले आणि त्या जागी डिझाइन प्लाझा उभा राहिला, हे मात्र वेळेअभावी गाळावे.

उद्यान फुलल्यावर भाडी वाढून जुने भाडेकरू परागंदा झाले, की परिसराचा कायापालट झाल्याचे जाहीर करावे.

लोकसहभागाबाबत विशेष दक्षता घ्यावी. नुकताच एका हरित आराखड्यावरील हरकतींच्या सुनावणीस हजर राहण्याचा योग आला, म्हणून हे अनुभवाने सांगतो. सुनावणी कामाच्या दिवशी भर सकाळी ठेवावी, म्हणजे ज्यांची रोजी बुडेल ते आपोआप गळतात. नकाशा व्यासपीठामागे इतका उंच टांगावा की त्यावरील अक्षर कोणास वाचता येऊ नये. तरीही एखादी बाई रोजी बुडवून येतेच आणि विचारते, "साहेब, या रेघेच्या कुठल्या बाजूला माझं घर आहे?" तिला शांतपणे सांगावे, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे." अहो, ती सूचना नव्हती, प्रश्न होता! नकाशावर बोट ठेवून उत्तर द्यायला अर्धे मिनिट पुरले असते. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी व्यासपीठावरचा एकही माणूस खुर्चीतून उठला नाही. नुसती माहिती देणे आणि मत विचारणे हा नाममात्र सहभाग होय, असे अमेरिकी अभ्यासक शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीवरून समजावले होते. येथे तर माहितीची पायरीसुद्धा चढवली नाही.

आता स्पष्टच बोलतो. ज्यांनी आयुष्यात मोटार घेतली नाही, त्यांची घरे पाडून तुम्ही मोटारवाल्यांच्या धुराचे प्रायश्चित्त घेत आहात, आणि वर त्यांनाच पर्यावरणाचे विरोधक ठरवता. त्यांचा झाडांना विरोध नाही, रस्त्यावर येण्याला आहे. सामान्य माणसाला यातले काही कळत नाही, ही सबबही पुरे झाली. अर्थसंकल्पातील कामांचा अग्रक्रम नागरिकांच्या सभांतून ठरवण्याची पद्धत ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रेने १९८९ मध्येच सुरू केली. पुनर्वसनाची जागा त्याच आराखड्यात दाखवा, तीही रोजगारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तशी जागा मिळत नसेल, तर तुमचा हिरवा पट्टा एखाद्या गोल्फच्या मैदानावरून न्या; हिरवळ तेथे आधीच तयार आहे.