दुसऱ्या अंकाची नऊ पाने: सरांच्या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार सर,

आधी कामाचे. काल दोनदा फोन केला, लागला नाही, म्हणून इथेच लिहितो. ती नऊ पाने अजून मिळू शकतात. आपण लिहीत असताना वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःपाशी एक प्रत ठेवत असते. वर्ड उघडल्यावर डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची पट्टी दिसली तर ती बंद करू नका, त्यातली फाइल उघडा आणि आधी पेनड्राइव्हवर सेव्ह करा. पट्टी नसेल तर ‘फाइल’मध्ये ‘इन्फो’, तिथे ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ असे मिळेल. एकदाही सेव्ह न केलेल्या फाइलीची प्रत वर्ड चार दिवसच ठेवते. तुमची फाइल तशीच होती आणि आज तिसरा दिवस आहे. फाइल मिळेपर्यंत मशीनवर साफसफाईचे कुठलेही सॉफ्टवेअर चालवू नका. जमले नाही तर रात्री कितीही वाजता फोन करा, मी घरी येतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी सरांची तक्रार थोडक्यात सांगतो. त्यांनी आपला कॉम्प्युटर व्हायरस काढायला आमच्या दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. आम्ही मशीन दुरुस्त केले, पण न विचारता ऑटोमॅटिक अपडेट चालू करून दिले. गावच्या जत्रेतल्या नाटकाचा दुसरा अंक ते टाइप करत होते. रात्री साडेदहाला जेवायला उठले, परत येऊन बघतात तर मशीन रीस्टार्ट होऊन पडद्यावर टक्के चढताहेत. नऊ पाने गेली. दुसऱ्या दिवशी तालमीसाठी पहिल्या अंकाच्या प्रती काढायच्या, तर प्रिंटर हलेना. त्यांनी एक स्टार दिला आणि लिहिले, ‘चौदा महिने अपडेट बंद होते, तेव्हा एकही पान गेले नाही. मशीन माझे, अपडेट कधी करायचे ते मी ठरवणार.’

सर, चूक आमची आहे. पावतीची आमच्याकडची प्रत काढून बघितली. ‘सर्व्हिसिंग, व्हायरस काढला, रु. ८००’ एवढेच त्यावर आहे. अपडेट चालू केल्याचे पावतीवर नाही, आणि मशीन नेताना कोणी तोंडीही सांगितले नाही. खरी चूक तर त्याच्या पुढची. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ नावाचे सेटिंग असते. या वेळेत माणूस कामात आहे, तेव्हा आपणहून रीस्टार्ट करू नको, असे त्यातून मशीनला सांगता येते. आमच्या मुलांनी तिथे सवयीने सकाळी ९ ते संध्याकाळी ७ घातले, कारण आमची निम्मी गिऱ्हाइके म्हणजे फोंडा बाजारातली दुकाने आणि ऑफिसे. तुम्ही लिहायला बसता रात्री, शाळा आणि तालीम आटोपल्यावर. म्हणजे नेमक्या तुमच्या कामाच्या वेळी रीस्टार्ट करायची मोकळीक आम्हीच मशीनला देऊन ठेवली. हे सेटिंग सलग अठरा तासांपर्यंत वाढवता येते. सकाळी ८ ते रात्री २ ठेवले असते तर तुमचा अंक जागच्या जागी राहिला असता. ‘सर, तुम्ही मशीनवर कधी बसता?’ एवढे विचारायला हवे होते. ते विचारले नाही, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

पण अपडेट बंदच ठेवायला हवे होते, हे मला पटत नाही, आणि तुमचे मन राखायला मी हो म्हणणार नाही. तुमच्या मशीनवरचा व्हायरस अपडेट नसल्यामुळे आला असेही मी म्हणत नाही. तुम्हीच लिहिले आहे की तो फुकटच्या मराठी फाँटबरोबर आला, आणि तसल्या गोष्टी अपडेट असूनही येऊ शकतात. माझी काळजी वेगळी आहे. सिक्युरिटीचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधले भोक बुजवणारी दुरुस्ती, बाहेर पडला की तो आपल्यासारखा चोरांनाही मिळतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते बघतात की भोक नेमके कुठे होते. त्या दिवसापासून ज्याने पॅच घातला नाही त्याच्या दाराची कडी कुठे सैल आहे, हे जगाला ठाऊक असते. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसचे तेच झाले. पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता आणि हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मध्ये जवळजवळ दोन महिने. तरी दीडशेहून जास्त देशांत कॉम्प्युटर अडकले, इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांचे कामकाज कोलमडले. कोणी लिंक उघडायचीही गरज नव्हती, ते एका मशीनवरून दुसऱ्यावर आपसूक पसरत होते. तुमच्या चौदा महिन्यांत काही झाले नाही, हे चांगलेच झाले. पण त्या मशीनवर तुमची वीस वर्षांची नाटके आहेत, असे तुम्ही काउंटरवर म्हणाला होता. ते ऐकल्यावर अपडेट बंद ठेवून मशीन परत द्यायला माझा हात धजला नाही.

अपडेटने नुकसान होतच नाही, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची मोठी नवी आवृत्ती आली. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसरीकडे वळवले होते आणि काही फाइली जुन्या जागी ठेवल्या होत्या, त्यांच्यातल्या काहींच्या त्या फाइली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने चार-पाच दिवसांत ती आवृत्ती थांबवली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा दिली. यातली एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. त्या पहिल्या दिवसांत ती आवृत्ती मिळत होती ती स्वतः ‘चेक फॉर अपडेट्स’चे बटण दाबणाऱ्यांना, आपोआप पोचवायला अजून सुरुवात व्हायची होती. म्हणजे हाताने अपडेट करणारेच आधी सापडले. ‘मॅन्युअल’ म्हटले की सगळे आपल्या ताब्यात, असे वाटते. पण हाताने करायचे तर कुठले आज घ्यायचे, कुठले महिनाभर थांबवायचे हे बघायला कोणीतरी बसायला हवे. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. दर महिन्याच्या त्या बुधवारी सकाळी आठवणीने मशीन उघडणारे घर मी अजून पाहिलेले नाही.

म्हणून घरच्या मशीनसाठी माझे म्हणणे असे: सिक्युरिटीचे पॅच आणि ब्राउझर आपोआप, रीस्टार्टची वेळ मात्र घरातल्या माणसाची. विंडोजची मोठी आवृत्ती आली की लगेच उडी नको, महिना-दोन महिने जाऊ द्यावेत. प्रिंटर जुना असेल तर त्याच्या चालू ड्रायव्हरला (मशीनला प्रिंटर चालवायला लागणारे सॉफ्टवेअर) उगाच हात लावू नये. तुमचा प्रिंटर अपडेटबरोबर ड्रायव्हर बदलल्यानेच अडला असावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’चे बटण आहे, तिथून जुना ड्रायव्हर परत आणून बघतो.

बायोसचे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचे, अपडेट मात्र कधीच आपोआप नको, आणि पावसाळ्यात तर नकोच. आपल्याकडे आषाढात आंब्याची फांदी लाइनवर पडली की वीज किती वेळाने येईल ते कोण सांगणार? विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली तर मशीन बहुतेकदा मागे फिरून सावरते. बायोसचे तसे नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका बाईंनी मशीन आणले होते. बटण दाबले की पंखा फिरायचा, पडदा काळाच. बायोस अर्ध्यावर असताना वीज गेली होती. बोर्ड बदलावा लागला, आणि त्याचे पैसे त्यांच्याकडून घेताना मला फार जड गेले. त्या दिवसापासून यूपीएस लावल्याशिवाय आणि डिस्कला कुलूप घालणाऱ्या ‘बिटलॉकर’ची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली (बायोस बदलल्यावर मशीन ती मागू शकते) कागदावर उतरवून घेतल्याशिवाय आम्ही बायोसला हात लावत नाही.

तुमचे ८०० रुपये परत करतो. आजपासून आमच्या पावतीवर दोन ओळी वाढवल्या आहेत: अपडेट आपोआप की हाताने, आणि मशीनवर बसायची वेळ. दोन्हींसमोर गिऱ्हाइकाची सही. एवढे सगळे वाचूनही तुम्ही ‘बंदच ठेव’ म्हणालात तर मी बंद करून देईन. मशीन तुमचे आहे, हे तुमचे वाक्य मला मान्य आहे.

पण त्याआधी एक मधला मार्ग सुचवतो. विंडोजमध्ये अपडेट एक-एक आठवडा करत पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. जत्रेला अजून चार आठवडे आहेत. प्रयोग होईपर्यंत थांबवून ठेवू, आणि पालखीच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू करायला मी स्वतः येईन. तालमीच्या प्रतींसाठी पेनड्राइव्ह घेऊन आज दुकानावर या. पहिला अंक आमच्या प्रिंटरवर काढून देतो, आणि दुसरा सापडला तर तोही.