नावातच ‘रोड’ आहे, मग चाला!

कोकणात जायचंय? मग रस्ता, रेल्वे, एसटी आणि जेटी यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं काम तुमचंच! मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं कॉलेजात पोचली, वळणरस्त्याचे फलक अजून ‘तात्पुरते’च. कोकणात सलग रेल्वे धावली १९९८ साली. पण स्टेशनांची नावं बघा: राजापूर रोड, सावंतवाडी रोड. म्हणजे गाव पुढे, रस्त्याने या! पहाटे चारला उतरा, बोचकी सांभाळा, रिक्षावाल्याच्या पाया पडा. एसटी? ती दहा मिनिटांपूर्वीच गेलेली असते. अगदी नेमाने! दोन वेळापत्रकं कधी एका टेबलावर ठेवून बघितलीत का हो कुणी? याच किनाऱ्याने एकेकाळी बंदरोबंदरी बोटी जायच्या म्हटलं, तर पोरं हसतात. आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम? १९९१ चे, मग २०११ चे, मग २०१९ चे. आपण पडवी वाढवायला निघालो की लगेच भरतीरेषा आठवते. हॉटेलाची भिंत आली की समुद्रच अदबीने मागे सरकतो! पायी चालणाऱ्यांचं काय? अहो, गटाराची कड आहे की!