मर्दाला कसलं आलंय बीपी

सगळ्यात आधी भावा, बीपी मोजायचंच नाही. मोजलं की निघतं. आपल्या आज्याने कधी मोजलं होतं? नाही ना, आणि आजा साठी गाठायच्या आत बांधावर उभ्या उभ्या गेला तेव्हा अख्खं गाव म्हणालं पुण्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. आपलंही टारगेट तेच. कुणी कॅम्पात धरून बसवलंच आणि आकडा १४०/९० च्या वर गेला तर म्हणायचं मशीन खराब आहे, नाहीतर आत्ताच जिना चढून आलो (कॅम्प तळमजल्यावर असला तरी). गोळी सुरू झालीच तर बीपी नॉर्मल आल्या आल्या बंद कर, कारण गोळीची सवय लागते. तंबाखूची नाही लागत, ती आपल्या कंट्रोलमध्ये आहे. आणि गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे टपरीवाला पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा ज्या दोन पुड्या देतो तो गुटखा नसणारच.

शुगर निघाली तर श्रद्धा वाढवायची. एकादशी दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात बटाटा, वर साखरेची चिमूट. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा तो कंद, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पण विठोबाला चालतात म्हटल्यावर तुझ्या पॅनक्रियाजने नखरे करायचं काय कारण? त्या दिवशी शुगरची गोळी मात्र घेऊ नकोस, गोळीने उपवास मोडतो. सिगरेटने मोडत नाही.

नवरात्रात चप्पल सोडायची. शुगर जुनी असेल तर आणखी सोपं, पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात त्यामुळे काच घुसली तरी कळत नाही आणि लोकांना वाटतं काय भक्ती आहे गड्याची. मग कोजागरीला सोलापूरहून तुळजापूर, पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर, अनवाणी, आणि जखम दिसली की हळद. डॉक्टरने हेच सांगितलं होतं, रोज अर्धा तास चाला, बूट घालून चाला, पण तेव्हा तुला टाइम नव्हता आणि बरोबरच आहे, डॉक्टरसाठी चालण्यात काय थ्रिल, ना कोण पाया पडतं ना कोण स्टेटस बघतं.

दारूचं तर आपलं शास्त्रशुद्ध आहे. गटारीला उलटी होईस्तोवर प्यायची, मग श्रावणभर थेंब नाही, म्हणजे सिद्ध झालं की आपण बेवडे नाही, मनात आलं की सोडू शकतो. मनात फक्त श्रावणात येतं. लिव्हरला महिनाभर पगारी सुट्टी दिली, आता बाकीचे अकरा महिने त्याने कुरकुर करायची नाही.

छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात जड झाला, जबड्यापर्यंत कळ गेली? गॅस आहे. सोडा घे, ओवा चाव, देव्हाऱ्यातला अंगारा लाव आणि थोडं पडून बघ. १०८ ला फोन करू नकोस, दारात अँब्युलन्स आली तर सोसायटीत काय इज्जत राहील. फारच वाटलं तर बाइकला किक मारून स्वतः जा, वाटेत मित्राला पण घे म्हणजे तो नंतर सगळ्यांना सांगेल की शेवटपर्यंत गाडी हाच चालवत होता.

राहिली नसबंदी. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी सोडतात, पण कमजोरी येते. कुणाला आली ते कुणीच सांगत नाही, पण येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३, म्हणजे देशाचा कौल क्लिअर आहे. बायकोचं पोट उघडावं लागलं तरी चालेल, तिला सहनशक्ती देवानेच दिलीय, आणि तुझं सगळं दुखणं ती तशीही वटपौर्णिमेला वडाकडे सोपवून येते, उपाशीपोटी, उन्हात, दोरा गुंडाळत सात-सात फेऱ्या. तिचं हिमोग्लोबिन किती आहे ते विचारायच्या भानगडीत पडू नकोस. तो बायकांचा विषय.